विश्लेषण : जाहिरातीतल्या प्रेमगीताचे अणुविरोधी गाणे कसे झाले? जपानी गायकाच्या एका चित्रफितीने काय घडवले?

एक गिटार, काळा चष्मा, डोक्यावर टोपी आणि चार मिनिटांहून थोडी कमी-जास्त लांबीचे गाणे. ७ एप्रिल २०११ रोजी यूट्यूबवर आलेल्या या साध्या चित्रफितीने जपानमध्ये खळबळ उडवली. गाणारा कुणी रस्त्यावरचा आंदोलक नव्हता. दीड दशकाहून अधिक काळ लोकप्रिय असलेला, बड्या कंपनीशी करार असलेला गायक-गीतकार होता. त्यातच चाल सगळ्यांच्या ओळखीची होती, कारण वर्षभरापूर्वी तीच चाल सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत रोज ऐकू येत होती. फक्त शब्द बदलले होते. फुकुशिमाची अणुभट्टी धुमसत असताना आलेल्या या गाण्याची ही कहाणी…

गायक कोण आणि मूळ गाणे कोणते?

काझुयोशी साइतो यांचा जन्म १९६६ चा, तोचिगी प्रांतातला. फुकुशिमा प्रांताला दक्षिणेकडून लागून असलेला हा भाग. १९९३ मध्ये त्यांचे पहिले गाणे बाजारात आले. बीटल्सवर जीव असलेला, स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि अनेक वाद्ये स्वतःच वाजवणारा हा कलावंत. लहान मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजलेल्या ‘आरुइते काएरो’ (चालत घरी जाऊ या) या १९९४ च्या गाण्याने ते घराघरांत पोहोचले. राजकीय गायक अशी त्यांची ओळख कधीच नव्हती. प्रेम, आळस, रस्ता, घर, जुने मित्र असे त्यांचे विषय.

एप्रिल २०१० मध्ये त्यांचे ‘झुत्तो सुकी दात्ता’ हे गाणे आले. अर्थ साधारण असा, की ‘तू मला कायमच आवडत होतीस’. शाळेच्या जुन्या वर्गमित्रांचे स्नेहसंमेलन, तिथे पुन्हा भेटलेली तेव्हाची आवडती मुलगी आणि इतक्या वर्षांनी ओठांवर आलेले वाक्य, असा त्याचा प्रसंग. ‘शिसेदो’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या जाहिरातीत ते वाजले आणि खूप चालले. जाहिरातीतले गाणे म्हटले की आपल्याकडे थोडे नाक मुरडले जाते. जपानमध्ये तसे नाही. तिथे मोठमोठ्या गायकांची गाणी जाहिराती आणि मालिकांच्या बरोबरीनेच जन्माला येतात. या पद्धतीला तिथे ‘टाय-अप’ म्हणतात. गायकाला देशभर श्रोता मिळतो, कंपनीला गाण्याची गोडी मिळते, दूरचित्रवाहिनीला पैसे मिळतात. सगळे खूश. अट एकच, ती कुठे लिहिलेली नसते. कुणाला टोचेल असे काही गायचे नाही.

एका शब्दाने काय बदलले?

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीने १८ हजारांहून अधिक माणसे मारली किंवा बेपत्ता केली. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी, म्हणजे टेप्कोच्या फुकुशिमा दाइइची प्रकल्पाची वीज गेली, शीतकरण थांबले. १२ मार्चला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, १४ तारखेला तिसरीत, १५ ला चौथीत. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

त्यानंतरच्या आठवड्यांत जपानमध्ये एक शब्द सगळीकडे होता, ‘जिशुकु’. म्हणजे स्वतःहून पाळलेला संयम. बैठका-समारंभ रद्द, संगीताच्या मैफली रद्द, चेरीच्या बहराखालच्या मेजवान्याही नकोत असे आवाहन खुद्द टोकियोच्या राज्यपालांनी केले. राजधानीच्या परिसरात आळीपाळीने भारनियमन सुरू होते. कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्या आणि त्यांची जागा ‘एसी जपान’ या संस्थेच्या सदाचाराच्या जाहिरातींनी घेतली. नमस्कार म्हणा, धन्यवाद म्हणा, एकमेकांची काळजी घ्या. त्याच त्या जाहिराती तासातासाला. ज्यांनी तो महिना जपानमध्ये काढला, त्यांना त्यातली एक बालगीतासारखी धून आजही आठवते, आणि फारशी आनंदाने नाही.

अशा वातावरणात साइतो यांनी गिटार घेतली आणि आपल्याच गाण्यातला ‘सुकी’ म्हणजे आवड हा शब्द काढून तिथे ‘उसो’ म्हणजे खोटे हा शब्द बसवला. ‘झुत्तो सुकी दात्ता’चे झाले ‘झुत्तो उसो दात्ता’. कायमच खोटे होते. सूर तोच, ठेका तोच, अक्षरांची मोजणीही तीच. देशात ५४ अणुभट्ट्या आहेत, त्या सुरक्षित असल्याचे पाठ्यपुस्तकांनी आणि जाहिरातींनी सांगितले, आणि आता ‘कल्पनेपलीकडचे घडले’ म्हणून हात झटकले जात आहेत, असा या नव्या शब्दांचा सूर. वीज कंपनीबरोबरच सरकारवरही थेट बोट.

याला जपानीत ‘काएउता’ म्हणतात. मराठी वाचकाला त्याचे नवल वाटायला नको. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून विडंबनगीत आपल्या घरचेच आहे. फरक एवढाच, की विडंबन बहुधा दुसऱ्याच्या कवितेचे करतात. साइतो यांनी ते स्वतःच्या गाण्याचे केले, आणि त्यातच त्याची धार आहे. जाहिरातींनी खोटे सांगितले असा आरोप करणारा माणूस स्वतः जाहिरातीसाठी गाणे देणारा होता. त्याने तेच गाणे परत घेऊन आरोपपत्र म्हणून वापरले. बाहेरच्या कुणी नवे, कितीही जळजळीत गाणे लिहिले असते, तरी हा परिणाम साधला नसता. वर्षभर ती चाल ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘सुकी’ हा शब्द आपोआप येतो आणि कानावर पडते ‘उसो’. त्या अर्ध्या क्षणाच्या अडखळण्यात हे गाणे राहते.

चित्रफीत काढून टाकली तरी गाणे का राहिले?

यूट्यूबवरची ही चित्रफीत रेकॉर्ड कंपनीच्या विनंतीवरून लगेच हटवण्यात आली. पण तोवर लोकांनी ती उतरवून घेतली होती. एक प्रत काढली की दोन नव्या येत. काही तासांत ती कुठल्या ना कुठल्या खात्यावर पुन्हा दिसे. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, साइतो यांनी ‘यूस्ट्रीम’ या तेव्हाच्या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर गाण्यांचा कार्यक्रम केला आणि त्यात हे गाणे पुन्हा गायले. त्यामुळे चित्रफीत खरी आहे का, गाणारा माणूस तोच आहे का, चुकून बाहेर पडली का, या साऱ्या चर्चांना उत्तर मिळाले.

इथे गिटारवरच्या एकट्या गाण्याचा संबंध येतो. स्टुडिओ, वादक, ध्वनिमुद्रक, प्रसिद्धी विभाग, वाहिनीचा परवाना यांपैकी कशाचीही त्याला गरज नव्हती. एक माणूस, सहा तारा, एक कॅमेरा. नेहमीच्या रस्त्याने हे गाणे निघाले असते तर त्याला निदान चार टेबलांवरून जावे लागले असते आणि त्यातल्या एकावर ते नक्कीच अडकले असते. हा अंदाज नव्हे. तसे याआधी घडलेले होते.

आधी काय घडले होते?

१९८८ मध्ये ‘आरसी सक्सेशन’ या रॉक चमूने ‘कव्हर्स’ नावाचा संग्रह तयार केला. चमूचा प्रमुख कियोशिरो इमावानो. परदेशी गाजलेल्या गाण्यांना त्याने जपानी शब्द दिले होते आणि त्यांतल्या दोन गाण्यांत अणुऊर्जेवर उघड टीका होती. चेर्नोबिलच्या अपघाताला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रेकॉर्ड कंपनी होती ‘तोशिबा-ईएमआय’. नावातच उत्तर आहे. तोशिबा ही अणुभट्ट्या बनवणारी कंपनी, फुकुशिमा दाइइचीची तिसरी अणुभट्टी तिचीच. संग्रह बाजारात येणार नाही असे कंपनीने वृत्तपत्रांत जाहीर केले, आणि कारण काय दिले? तो इतका अप्रतिम आहे की विकता येत नाही. सेन्सॉरशिपच्या इतिहासात इतके गोड कारण क्वचितच सापडेल. अखेर १५ ऑगस्ट १९८८ रोजी दुसऱ्या कंपनीने तो काढला आणि तो थेट विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याच उन्हाळ्यात ‘द ब्लू हार्ट्स’ या पंक चमूचे ‘चेर्नोबिल’ हे गाणे त्यांच्या नेहमीच्या कंपनीकडून निघू शकले नाही. ती कंपनी मित्सुबिशीच्या परिवारातली, आणि मित्सुबिशीही अणुभट्ट्या बांधणारी. त्यांनी ते स्वतंत्रपणे काढले.

याचा अर्थ जपानमध्ये सरकार गाण्यांवर बंदी घालत होते असा नाही. तशी गरजच नव्हती. अणुभट्टी बनवणारा, वीज विकणारा, रेडिओ-टीव्ही संच बनवणारा आणि गाण्यांच्या तबकड्या विकणारा हे अनेकदा एकाच घरातले होते. वीज कंपन्या प्रसारमाध्यमांच्या मोठ्या जाहिरातदार. त्यांची आपापल्या भागात मक्तेदारी होती, म्हणजे ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरात करण्याचे कारणच नव्हते. तरीही ती होत असे, आणि विजेचा दर ठरवताना सगळा खर्च अधिक ठरावीक नफा असे सूत्र असल्याने तिचा भार अखेर ग्राहकाच्याच बिलावर येई. आपल्याच पैशाने आपल्यालाच सांगायचे, की काळजी करू नका.

इमावानो २ मे २००९ रोजी कर्करोगाने गेले. फुकुशिमा पाहायला ते नव्हते. पण मार्च २०११ नंतर त्यांची ती जुनी गाणी लोक पुन्हा शोधून ऐकू लागले, आणि साइतो यांच्या चित्रफितीला त्याच ओळीत बसवणारे श्रोते बरेच होते.

पण गाण्यातला आरोप खरा होता का?

‘खोटे’ हा शब्द मोठा आहे. म्हणून तो तपासून पाहायला हवा.

शाळेच्या पुस्तकांबद्दलचे म्हणणे नाकारता येत नाही. २०१० मध्ये सरकारी खात्यांनी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी अणुऊर्जेवरची पूरक वाचनपुस्तके काढली होती. मोठी त्सुनामी आली तरी प्रकल्पाचे काम बिघडणार नाही अशी रचना असते, असे त्यांत मुलांना सांगितले होते. अपघातानंतर महिनाभरातच ती संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. प्रकल्पाशेजारच्या फुताबा गावात तर रस्त्यावरच्या कमानीवर अणुऊर्जा म्हणजे उज्ज्वल भविष्याची ऊर्जा अशी घोषणा लिहिलेली होती. ती घोषणा शाळेतल्या एका मुलाने सुचवलेली. गाव रिकामे झाल्यावर त्या कमानीखालून फक्त संरक्षक पोशाखातली माणसे जात होती, तेव्हाची छायाचित्रे जगभर छापली गेली.

टेप्कोचा इतिहासही स्वच्छ नव्हता. तपासणीच्या नोंदींमध्ये फेरफार केल्याचे २००२ मध्ये उघड झाले, कंपनीच्या अध्यक्षांसह वरिष्ठांना पायउतार व्हावे लागले आणि एप्रिल २००३ पर्यंत तिच्या सर्व १७ अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद झाल्या होत्या. २००८ मध्ये कंपनीच्या अंतर्गत हिशेबात फुकुशिमा दाइइचीवर १५.७ मीटरपर्यंत पाणी येऊ शकते असा आकडा निघाला होता. प्रकल्पाची तयारी मात्र सुमारे सहा मीटरच्या लाटेसाठी होती. ११ मार्चला आलेले पाणी १४ ते १५ मीटरचे होते. ‘कल्पनेपलीकडचे’ हा शब्द या आकड्यांपुढे टिकत नाही. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगानेही जुलै २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला.

न्यायालयांचे म्हणणे वेगळे पडले. टेप्कोच्या तीन माजी अधिकाऱ्यांना टोकियो जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष ठरवले. एवढी मोठी लाट येईल हे खात्रीने सांगता आले नसते, असा त्यामागचा विचार. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निकाल कायम ठेवला, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. भागधारकांच्या दाव्यात २०२२ मध्ये माजी अधिकाऱ्यांनी १३ लाख कोटी येन भरावेत असा विक्रमी आदेश झाला होता, तोही २०२५ मध्ये वरच्या न्यायालयात फिरला. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. पण फौजदारी गुन्हा सिद्ध न होणे आणि लोकांना सांगितलेली ग्वाही खरी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. साइतो यांचे गाणे दुसऱ्या गोष्टीबद्दल होते, आणि तिथे त्यांचा शब्द जड असला तरी चुकीचा म्हणता येत नाही.

टीका झाली ती दुसऱ्या अंगाने, आणि तिच्यात तथ्य आहे. फुकुशिमा दाइइचीची वीज फुकुशिमात वापरली जात नव्हती. ती टोकियो आणि परिसराला जात होती. रात्रभर झगमगणारी राजधानी, तिथले स्टुडिओ, तिथल्या मैफली त्याच विजेवर चालत. मग ‘त्यांनी आपल्याला फसवले’ असे म्हणताना ‘आपण’ त्यात कुठे होतो? गाणे हा प्रश्न पुरेसा विचारत नाही. चार मिनिटांच्या गाण्याकडून तेवढी अपेक्षा करावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गायकाला किंमत मोजावी लागली का?

त्या वसंतात बोलण्याची किंमत होती. अभिनेते तारो यामामोतो यांनी अणुऊर्जेविरोधात उघड भूमिका घेतली, एका मालिकेतले काम गेल्याचे सांगितले आणि मे २०११ मध्ये आपल्या व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडले. पुढे २०१३ मध्ये ते वरिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि आज एका राजकीय पक्षाचे संस्थापक म्हणून ओळखले जातात. अभिनय मागे पडला.

साइतो यांचे तसे झाले नाही. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस ‘यासाशिकु नारिताई’ (प्रेमळ व्हायचे आहे) हे त्यांचे गाणे एका मालिकेचे शीर्षकगीत झाले. घरकाम करणाऱ्या एका गूढ बाईची ती मालिका इतकी चालली, की शेवटच्या भागाला ४० टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली. जुलै २०१२ मध्ये संगीतकार र्युइची साकामोतो यांच्या पुढाकाराने टोकियोजवळ ‘नो न्यूक्स’ हा दोन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. जर्मनीचा ‘क्राफ्टवर्क’ चमू त्यात होता, साइतोही होते. आठवडाभराने योयोगी उद्यानात झालेल्या अणुविरोधी सभेला आयोजकांच्या मते १ लाख ७० हजार, पोलिसांच्या अंदाजाने ७५ हजार लोक आले. जपानमध्ये कित्येक दशकांत एवढी गर्दी निदर्शनाला दिसली नव्हती.

आणि त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री साइतो ‘कोहाकु उता गास्सेन’मध्ये गायले. वर्षअखेरीला जपानी कुटुंबे एकत्र बसून पाहतात तो सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेचा कार्यक्रम. तिथे बोलावणे म्हणजे गायकाच्या आयुष्यातला मोठा मान. ‘उसो दात्ता’ त्यांनी तिथे गायले नाही, गायले ते मालिकेतले लोकप्रिय गाणे. पण खांद्यावरून गिटार पेलणाऱ्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत ‘न्यूक इज ओव्हर’ लिहिलेले होते. कॅमेऱ्याला गिटार दाखवायची तर पट्टा दाखवणे भागच. इमावानोंना कंपनीने अडवले होते, इथे अडवायला कुणाला वावच ठेवला नव्हता.

महाराष्ट्राशी याचा संबंध कुठे येतो?

फुकुशिमा दाइइचीची पहिली अणुभट्टी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेची, १९७१ मध्ये सुरू झालेली. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच, त्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या, आणि वयाने फुकुशिमापेक्षा मोठ्या. त्या १९६९ पासून चालत होत्या. त्यामुळे मार्च २०११ मध्ये तारापूरचे नाव इथल्या बातम्यांत सतत येत राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प उभारण्यासाठी फ्रान्सच्या कंपनीशी प्राथमिक करार होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. फुकुशिमाच्या दृश्यांनी तिथला विरोध अधिक तीव्र झाला. साइतो यांची चित्रफीत आली त्यानंतर ११ दिवसांनी, १८ एप्रिलला, साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण समुद्रकाठच्या मच्छीमार वस्तीतले प्रश्न आणि त्या गाण्यातला प्रश्न एकच होता. सुरक्षित आहे असे जे सांगतात, त्यांना ते कसे माहीत?

आता जपानमध्ये काय चित्र आहे?

मे २०१२ मध्ये जपानमधली अखेरची चालू अणुभट्टीही तपासणीसाठी थांबली होती. नंतर कडक नियम आले, ऑगस्ट २०१५ मध्ये सेंदाई प्रकल्पापासून पुन्हा सुरुवात झाली. युक्रेन युद्धानंतर इंधन महागले, विदा केंद्रांची विजेची भूक वाढली आणि सरकारची भाषा बदलली. अणुऊर्जेवरचे अवलंबित्व शक्य तितके कमी करू, हे वाक्य फेब्रुवारी २०२५ च्या ऊर्जा धोरणातून गळाले. २०४० पर्यंत सुमारे २० टक्के वीज अणुऊर्जेतून घेण्याचे उद्दिष्ट आहे. बाजूने बोलणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांच्या युक्तिवादात वजनही आहे. ज्या देशाकडे स्वतःचे तेल नाही, वायू नाही, त्याने हवामान बदलाच्या काळात काय जाळावे?

गाण्यातला ५४ हा आकडा मात्र जुना झाला. बाकीच्या कायमच्या बंद करण्याचे ठरले, चालवण्याजोग्या मानल्या जातात त्या ३३. त्यांपैकी २०२४ अखेरपर्यंत १४ पुन्हा सुरू झाल्या. फुकुशिमा दाइइचीच्या सहाही मोडीत काढायच्या आहेत. पहिल्या तीन अणुभट्ट्यांत वितळून साचलेले इंधन आणि ढिगारा मिळून सुमारे ८८० टन आहे. त्यातला पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढता आला. त्याचे वजन होते ०.७ ग्रॅम.